साहेबाची कोपरा फाटलेली चिठ्ठी

मला इंग्रजी भाषेतला एकच शब्द येतो. पण जो येतो तो इतका पक्का येतो, की मामलेदारसाहेबांनी समोर बसवून परीक्षा घ्यावी. शब्द आहे 'डिसअपॉइंटेड'. लोक शब्द शिकतात पुस्तकातून. मी शिकलो गोठ्याच्या वळचणीतून. त्याला नऊ दिवस, दोन घागरी पाणी आणि एक तरणा कोंबडा लागला. एवढं खर्ची घालून शिकलेला शब्द माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

गोष्ट महाराणीच्या जुबिलीच्या आदल्या वर्षीची. खालापूरच्या अलीकडे, पुण्याच्या सडकेला, चिंचेखाली सरकारी बंगला होता आणि मी, कोंडाजी, त्याचा राखणदार होतो. आगगाडी कर्जतवरून घाट चढू लागल्यापासून सडकेनं येणारे साहेब कमी झाले होते. महिन्याला दोन आले तरी खूप. बंगल्यात टेबलावर एक जाड वही असे. उतरलेल्या साहेबानं जाताना तीत शेरा लिहायचा आणि महिनाअखेर ती वही जिल्ह्याच्या कचेरीत जायची. त्या वर्षी वरून हुकूम आला, की ज्याच्या वहीत सालात तीन वाईट शेरे निघतील त्यानं किल्ली ठेवून चालू लागावं.

माझ्या वहीत दोन निघाले होते. पहिला, 'कोंबडी फार वयस्कर.' दुसरा, 'दार लागत नाही आणि लागले तर उघडत नाही.' दोन्ही खरे होते, त्यामुळे काही बोलायची सोय नव्हती. माझी पन्नाशी उलटलेली. जमीन नाही, मुलगा नाही, दोन्ही पोरी दिल्या घरी. बंगल्यामागची खोली, गोठा आणि एक म्हैस, हा सगळा संसार त्या किल्लीला लटकलेला.

चैत्रात एके दिवशी दुपारी नामा हरकारा आला. टपालाचं पोतं पाठीवर, हातात घुंगरं बांधलेला भाला. एरवी तो चिठ्ठी द्यायची तर हातात कोंबून पळायचा. त्या दिवशी मात्र दोन बोटांच्या चिमटीत धरून लांबूनच उभा राहिला.

"पिंकनीसाहेबाची हाय," म्हणाला. "तो सांजच्याला येनार हाय. बंगल्यावर ठेव म्हनत्यात."

"मग दे की."

"घरात नगं नेऊ. कोपरा बघ."

मी कोपरा बघितला आणि हात मागं घेतला. वरचा उजवा कोपरा फाटलेला होता.

आता आपल्याकडे कुणाला सांगायला नको, कोपरा फाटलेली चिठ्ठी म्हणजे काय. कुणीतरी गेलं. अशी चिठ्ठी घराच्या उंबऱ्याआत घेत नाहीत. बाहेरच वाचायची, फाडून टाकायची आणि अंघोळ करायची. मी दोन काटक्यांत धरून ती गोठ्याच्या वळचणीला खोचली. म्हैस वर बघत राहिली.

दिवेलागणीला पिंकनीसाहेब घोड्यावरून आला. सडकेच्या मोऱ्या तपासत पुण्याकडे चालला होता. उंच, वाळका, पिकल्या मिशांचा माणूस. हात धुतले, जेवायला बसला आणि पहिला घास उचलता उचलता म्हणाला, "राखणदार, हमारा चिठ्ठी आया?"

आता तुम्हीच सांगा. माणसाच्या हातात घास आहे. त्या वेळी कुणी सांगतं का, की तुमच्या घरचं माणूस गेलं? वैऱ्यालासुद्धा जेवू देतात. मी म्हणालो, "नाय साहेब." मनात म्हटलं, पोटभर जेवू दे, झोपू दे, सकाळी देऊ.

साहेब कोंबडी अर्धी टाकून उठला. आणि सकाळी मी दूध काढायला गोठ्यात गेलो तोवर घोड्यावर बसून निघूनही गेला. जाताना वहीत लिहून गेला.

वही काखेत मारून मी थेट शाळेत गेलो. आमचे ओगले मास्तर मोठे सज्जन माणूस. बेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या शाळेत पोरांच्या मागच्या रांगेत बसून मी बाळबोध वाचायला शिकलो होतो. इंग्रजी मात्र त्यांनाच यायचं. त्यांनी चष्मा लावला, वही वाचली आणि चष्मा काढला. डॉक्टर असं करतो तेव्हा रोगी वाचत नाही.

"काय लिवलंय मास्तर?"

"बंगला स्वच्छ आहे, म्हणतो."

"मग झ्याक की."

"पुढं आहे. 'आय याम डिसअपॉइंटेड.' आणि आठ दिवसांनी परत येतो, म्हणतो."

"ते मधलं काय?"

मास्तरांनी छताकडे बघितलं. "माणूस आशा करतो. आशा पुरी होत नाही. मग रागावत नाही, ओरडत नाही. नुसता आतून खट्टू होतो. तसा झालेला जो, तो डिसअपॉइंटेड."

"म्हंजे जावई रुसतो तसा?"

"जावई मागून घेतो रे. हा मागत नाही. म्हणून हा जास्त वाईट."

म्हणजे तिसरा शेरा. मी तिथंच बाकावर बसलो. बाक पहिलीच्या पोरांचं होतं, गुडघे कानाला लागले.

फाटक्या चिठ्ठीची गोष्टही मी मास्तरांना सांगितली. ते म्हणाले, "जेवताना दिली नाहीस, बरोबर केलंस." एवढा शिकलेला माणूस, पण खरं कारण त्यांच्याही डोक्यात आलं नाही, माझ्या तर नाहीच नाही. बंगल्याचा खानसामा हसन मात्र संध्याकाळी कांदा चिरता चिरता म्हणाला, "दादा, साहेब चिठ्ठीच इचारीत हुता ना? त्येचीच आशा असंल."

"येडा का खुळा तू?" मी म्हणालो. "मयताच्या चिठ्ठीची कोन आशा करतं?"

"त्येला कुठं म्हाईत हाय मयताची हाय ते?"

"म्हाईत नाय म्हनूनच इचारली. म्हाईत असती तर कशाला इचारली असती?"

हसन पुन्हा कांद्याकडे वळला. माझं बोलणं त्यालाही पटलं, हे आमचं दोघांचं दुर्दैव.

मग साहेबाला आशा कशाची होती, ते हुडकायला लागलो. विचारायचं तर इंग्रजीत विचारावं, म्हणजे साहेब जरा नरमेल, असं मास्तरांचं मत पडलं. त्यांनी मला वाक्य पढवलं, 'सर, व्हाय आर यू डिसअपॉइंटेड?' शब्द नुसता पाठ करून चालत नाही, वापरून अंगवळणी पाडावा लागतो, म्हणाले. म्हणून मी वापरायला लागलो.

पिठल्याची आशा केली आणि पानात कढी आली. मी म्हणालो, "आय याम डिसअपॉइंटेड."

माझी बायको अंबाबाई. तिनं ओगराळं खाली ठेवलं. "काय म्हनालात?"

"पिठलं असंल वाटलं हुतं. मन खट्टू झालं."

"तीस वर्सं वाढते ते गिळताय. आजवर कदी मन खट्टू झालं नाय ते?"

"शब्द नव्हता गं."

त्या आठवड्यात मी सतरा वेळा डिसअपॉइंटेड झालो. विडी ओली निघाली, झालो. म्हशीनं दूध चोरलं, झालो. शब्द नव्हता तोवर यातलं काही मला कधी टोचलं नव्हतं. चौथ्या दिवसापासून अंबाबाईनं बोलणं सोडलं आणि मी म्हशीसमोर सराव करू लागलो. 'व्हाय आर यू डिसअपॉइंटेड?' म्हैस रवंथ करत ऐकून घ्यायची. तिनं आयुष्यात कसलीच आशा केलेली नव्हती.

रात्री डोळा लागेना. डोळा मिटला की वही दिसे. वही मिटली की वळचणीतली चिठ्ठी दिसे. बिचाऱ्याच्या घरचं माणूस गेलंय आणि हा मोऱ्या मोजत हिंडतोय, हा एक घोर. आपली किल्ली जाणार, हा दुसरा. दोन्ही एकदम आले की उठून बसायचो.

आठव्या दिवशी बंगल्यावर तयारी सुरू झाली आणि तिथं खरा घोळ झाला.

हसन म्हणाला, "पहिला शेरा कोंबडीचा हुता. हाही कोंबडीचाच हाय. अर्धी टाकून उठला ते मी डोळ्यांनी बघितलं." त्यानं पदरचा तरणा कोंबडा आणला, पुलावाचे तांदूळ निवडून ठेवले, वर शेवया करतो म्हणाला.

अंबाबाई म्हणाली, "सुतकातल्या मान्साला पुलाव? शेवया? जनाची नाय तर मनाची तरी धरा. मयताच्या घरी गोड नाय, तळन नाय, फोडनी नाय." तिनं बिनहळदीचं वरण आणि मोकळा भात ठरवला. शिवाय शेजारच्या विमलबाई, गोदा आणि आणखी दोघींना सांगून आली, की साहेबाला बिचाऱ्याला इथं रडायला माणूस नाही, आपण चार बाया तरी बसायला जाऊ.

"साहेब रुसलाय," हसन.

"साहेबाचं मानूस गेलंय," अंबाबाई.

"रुसलेल्याला खाऊ घालतात."

"मयताचं पानी देतात आधी."

मी दोघांच्या मध्ये. रुसलेला माणूस म्हणून मान करायला जावं तर सुतक आडवं येई. दुखवट्याचा माणूस म्हणून साधं वाढावं तर रुसवा वाढे, आणि रुसवा वाढला की किल्ली जाई. शेवटी मास्तरांकडे गेलो. त्यांनी निवाडा दिला, "बंगल्यात पाऊल टाकायच्या आत, विहिरीपाशीच चिठ्ठी द्या. बातमी कळली की अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ, ती झाली की माणूस मोकळा. मग काय हवं ते वाढा. मी येतो, बोलायला लागलं तर असू दे."

माझ्या जीवावरचा धोंडा उतरला. निदान क्रम तरी ठरला.

नवव्या दिवशी, दुपार कलताना, साहेबाचा घोडा सडकेवर दिसला. विहिरीपाशी मी दोन घागरी भरून तयार. चिंचेखाली चार बाया आणि अंबाबाई पदर तोंडाशी धरून बसलेल्या. मास्तर टोपी सारखी करीत उभे. आत चुलीवर हसनचा पुलाव आणि अंबाबाईचं वरण शेजारी शेजारी शिजत होते आणि एकमेकांकडे बघत नव्हते.

साहेब उतरला. एवढी माणसं बघून जरा थबकला. मी पुढं झालो. म्हशीसमोर शंभर वेळा म्हटलेलं वाक्य, पण साहेब म्हैस नव्हता.

"सर," मी म्हणालो, "व्हाय आर यू डिसअपॉइंटेड?"

साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मग हळू आवाजात मास्तरांशी इंग्रजीत काहीतरी बोलला. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला.

"कोंडाजी," ते म्हणाले, "तो म्हणतो, दीड महिना झाला, चिठ्ठीची वाट बघतोय. पुण्यात आली नाही, इथं आली नाही. म्हणून तसं लिहिलं. बंगल्याबद्दल त्याचं काही म्हणणं नाही."

चिंचेखाली हसन येऊन उभा होता. नुसता माझ्याकडे बघत होता. बोलला असता तर बरं झालं असतं.

मी गोठ्याकडे धावलो. वळचणीतून चिठ्ठी काढली, दोन काटक्यांत धरली आणि तशीच साहेबापुढं केली. साहेबानं काटक्यांकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं आणि झडप घालून ती ओढली. फोडली. वाचली. दुसऱ्यांदा वाचली. मग विहिरीच्या काठावर मटकन बसला, दोन्ही हातांत तोंड झाकलं आणि त्याचे खांदे गदगदा हलू लागले.

एवढं बघितल्यावर कुणाच्या काळजाला पाझर फुटणार नाही? विमलबाईनं पहिला हंबरडा फोडला. मग बाकीच्या तिघी. मग अंबाबाई, तीही अशी, की सख्खा दीर गेला. साहेबाचा घोडा कान पाडून सडकेला लागला. माझेही डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच मी पहिली घागर उचलली आणि साहेबाच्या डोक्यावर ओतली.

साहेबानं श्वास घ्यायला तोंड वर केलं. मी दुसरी ओतली.

साहेब उभा राहिला. टोपीच्या कडेवरून पाण्याची माळ गळत होती. मिशा हनुवटीला चिकटलेल्या. हातात चिठ्ठीचा लगदा. बाया एकदम गप्प झाल्या.

"बच्ची," साहेब म्हणाला. आवाज घोगरा. "हमारा लडकी को बच्ची हुआ. दोनो अच्छा है."

माझ्या हातात रिकामी घागर, ती कुठं ठेवावी ते सुचेना. किल्ली कमरेला होती. ती काढून आत्ताच त्याच्या पायाशी ठेवावी, असं मनात आलं.

तेवढ्यात मास्तर खाकरले. "कोंडाजी," ते हळूच म्हणाले, "सोयर आलं. सोयराचीही अंघोळ असतेच. पाणी वाया गेलेलं नाही."

मग त्यांनी साहेबाला इंग्रजीत समजावायला घेतलं. कोपरा दाखवला. काटक्या दाखवल्या. वळचण दाखवली. बायांकडे हात केला, घागरींकडे केला. साहेब निथळत ऐकत होता. मधेच त्यानं मास्तरांना थांबवलं आणि मला विचारलं, "उस दिन हम खाना खाता था, इस वास्ते नहीं दिया?"

"व्हय साहेब. हातात घास हुता."

साहेबानं मिशांचं पाणी पिळलं. मग मास्तरांना म्हणाला, की असं कारण आजवर कोणत्याही टपालखात्यानं त्याला दिलेलं नाही.

त्याचे कपडे चिंचेवर वाळत घातले. तो माझं धोतर नेसून, माझी घोंगडी पांघरून जेवायला बसला. पुलाव खाल्ला, शेवया खाल्ल्या. अंबाबाईनं दारातून बघितलं आणि वाटीभर बिनहळदीचं वरणही पानात आलं. तेही त्यानं संपवलं. चार बाया बाळाचं बारसं होणार का आणि विलायतेत पाळणा असतो का, हे मास्तरांकरवी विचारीत होत्या. नामा घोडा शोधून घेऊन आला तेव्हा मी त्याला कोपऱ्याचं विचारलं. तो म्हणाला, "पोत्यात उंदीर हाय. दोन वर्सं झाली. सांगून दमलो."

जाताना साहेबानं विचारलं, तू वाचतोस का. मी म्हणालो, बाळबोध वाचतो, उशिरा शिकलो. तो म्हणाला, मग मुलीचं नाव ठेवलं की मुनशीकडून तुला बाळबोधीत चिठ्ठी घालतो. आणि वहीत चार ओळी लिहून निघून गेला.

मास्तरांनी वही उघडली. "आधीचा शेरा टपालाविषयी होता," त्यांनी वाचलं, "बंगल्याविषयी नव्हता, असं लिहितो. तो वाईट शेऱ्यात धरू नये."

मी चिंचेला टेकलो.

"पुढं आहे. 'राखणदार सहृदय आहे. जेवण उत्तम. स्नानाची सोय वाजवीपेक्षा जास्त आहे.'"

किल्ली राहिली. पण गोष्ट इथं संपत नाही. संपती तर मला तो शब्द नुसता पाठ असता, आला नसता.

जन्मात मला कधी चिठ्ठी आली नव्हती. पोरींची लग्नं जवळपासच झालेली, निरोपावर भागायचं. वाचायला शिकलो खरा, पण माझ्या नावाचं वाचायला काही नव्हतं. आता येणार होती. पाऊस सुरू झाला, नामाची घुंगरं वाजली की मी सडकेवर. श्रावण गेला, भादवा गेला. दसरा झाला, दिवाळी झाली. मी रोज गोठ्याच्या दारात उभा राहून सडकेकडे बघायचो. नामा मान खाली घालून, जरा जोरातच, निघून जायचा.

मार्गशीर्षात एक दिवस मी त्याला अडवला.

"काय रं नाम्या, काय हाय का?"

"नाय."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आय याम डिसअपॉइंटेड."

"म्हंजे काय रं?"

"म्हंजे रोज वाट बघायची आनि चिठ्ठी यायची नाय. मग आत असं काय तरी रिकामं हुतं. ते."

नामा भाला या हातातून त्या हातात घेऊ लागला. घुंगरं वाजली.

"कोंडाजी," तो म्हणाला, "एक आलेली."

"कवा?"

"आश्विनात. तुज्या नावाची. पन दिवाळी तोंडावर हुती. पोरी येनार, नातवंडं येनार. म्हटलं, ऐन सनात तुला सुतकात कशाला घालू."

"कोपरा?"

"फाटलेला."

"अरं नाम्या, पोत्यात उंदीर हाय, तूच सांगितलंस ना?"

"ती साहेबाची उंदरानं खाल्ली. ही उंदरानं खाल्ली का खरीच फाडली, कोन सांगनार? जोखीम घ्यावी का?"

"मग हाय कुठं ती?"

नामानं भाल्यानं माझ्या डोक्यावर दाखवलं. "तुज्याच वळचणीला. घरात कशी देनार?"

दीड महिना मी तिच्याच खाली उभा राहून सडकेकडे बघत होतो.

मी वर हात घातला. जाड कागद, बाळबोध अक्षर, वरती माझं नाव, पहिल्यांदाच शाईनं लिहिलेलं. आत काय आहे ते मला ठाऊक होतं: विलायतेतल्या एका पोरीचं नाव. कोपरा उंदरानं खाल्लाय हेही ठाऊक होतं; दातांच्या खुणा दिसत होत्या. काही म्हणता काही भ्यायचं कारण नव्हतं.

तरी आधी अंघोळ केली, मग उघडली.